काडतुसाची निवड आणि रायफलच्या नळीचे आयुष्य

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिम्पिक पदक. आदल्या दिवशीच्या पात्रता फेरीत ५९० गुणांसह तो सातवा आला होता. अंतिम फेरीत आठच जणांना प्रवेश होता आणि ५८९ गुण मिळवणारा ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर अकराव्या स्थानावर राहिला. साठ गोळ्यांच्या स्पर्धेत एका गुणाचे मोल किती, हे यावरून ध्यानात यावे. नेमबाजाचा हात, श्वास आणि मनाची स्थिरता यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु नळी आणि तिच्यात जाणारे काडतूस यांचे नाते नीट जुळले नसेल, तर स्थिर हातही तो एक गुण वाचवू शकत नाही.

नळी झिजते कशी?

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी कवच, तळाशी बसवलेला प्रायमर, आतील धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. घोड्याचा आघात होताच प्रायमर पेटतो, दारू जळते आणि तप्त वायूंचा दाब गोळीला नळीतून पुढे लोटतो. नळीच्या अंतर्भागातील सर्पिल खाचा गोळीला स्वतःभोवती फिरवतात आणि या फिरकीमुळेच तिचा मार्ग स्थिर राहतो.

गोळीच्या घर्षणाने नळी झिजते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मोठ्या रायफलींच्या बाबतीत खरा शत्रू उष्णता हा आहे. जळत्या दारूचे तापमान पोलादाच्या वितळणबिंदूहून बरेच अधिक असते. हा स्पर्श क्षणार्धाचा असल्याने पोलाद वितळत नाही. मात्र त्याचा पृष्ठभाग प्रत्येक वेळी एकदम तापतो आणि निवतो. पुढे तेथे बारीक भेगांचे जाळे पडते व कण सुटू लागतात. ही झीज सर्वप्रथम काडतुसाच्या कोठ्यालगत, जेथे खाचा सुरू होतात त्या भागात होते. नेमबाज त्याला नळीचा ‘घसा’ म्हणतात. घसा झिजला की गोळीला खाचांपर्यंत पोहोचण्यासाठी अधिक अंतर कापावे लागते, ती किंचित तिरकी शिरते आणि लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका पसरू लागतो.

दारू किती, वाट केवढी?

नळी किती काळ टिकेल, याचा ढोबळ अंदाज एका साध्या गुणोत्तरावरून येतो : दारूचे वजन भागिले नळीच्या छिद्राचे क्षेत्रफळ. ७.६२ मिलिमीटर नाटो किंवा त्याच मापाच्या .३०८ काडतुसात सुमारे २.९ ग्रॅम दारू असते आणि छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे ४५ चौरस मिलिमीटर; म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण ६४ मिलिग्रॅम. .२४३ काडतुसात दारू थोडीच कमी, सुमारे २.६ ग्रॅम, पण वाट अरुंद असल्याने हाच आकडा ९० च्या घरात जातो. परिणामी .३०८ची नळी स्पर्धेच्या दर्जाची अचूकता साधारणपणे पाच हजार वा त्याहून अधिक गोळ्यांपर्यंत टिकवते, तर .२४३ची दीड ते दोन हजारांतच थकते. गोळी नळीत एक-दीड सहस्रांश सेकंदच असते, हे लक्षात घेतले तर अशा नळीचे प्रत्यक्ष कार्यायुष्य अवघे दोन-तीन सेकंदांचे ठरते.

ऑलिम्पिकमधील .२२ लाँग रायफल काडतूस याच्या अगदी उलट आहे. त्यात दारू जेमतेम ०.१ ग्रॅम, गोळी मऊ शिशाची व वंगण लावलेली. अशी नळी नीट निगा राखल्यास कित्येक दशसहस्र गोळ्या सोसते. तेथे प्रश्न टिकाऊपणाचा कमी आणि अचूकतेचा अधिक असतो.

‘थ्री नॉट थ्री’चा धडा

काडतूस बदलले की नळीही बदलावी लागते, याचे ठळक उदाहरण भारतीयांना चिरपरिचित असलेल्या .३०३ रायफलीचे आहे. १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफल ब्रिटिश सैन्यात आली तेव्हा काडतुसात काळी दारू होती. काळ्या दारूची काजळी साचू नये म्हणून मेटफर्ड यांनी खाचा उथळ व गोलसर ठेवल्या होत्या. काही वर्षांतच कॉर्डाइट ही धूरविरहित दारू आली. तिच्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होते. तिच्या प्रखर उष्णतेपुढे त्या उथळ खाचा झपाट्याने नाहीशा होऊ लागल्या. अखेर १८९५ मध्ये खोल, चौकोनी कडांच्या पाच खाचा असलेली नळी स्वीकारण्यात आली व ली-एन्फिल्ड रायफल जन्माला आली. पुढे कॉर्डाइटमधील नायट्रोग्लिसरीनचे प्रमाणही ३० टक्क्यांवर आणले गेले.

एकच छाप, वेगळा लॉट

५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे, तर गोळी सुमारे ५.६ मिलिमीटरची असते. एवढ्या अंतरावर गोळ्यांच्या वेगातील किरकोळ फरकही छिद्र वर-खाली नेतो. म्हणूनच स्पर्धेची .२२ काडतुसे मुद्दाम ध्वनीच्या वेगाहून कमी, सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर वेगाची बनवतात. ध्वनीच्या वेगाची सीमा ओलांडून पुन्हा खाली येणारी गोळी वाटेत डळमळते. वेग अधिक म्हणजे नेम अचूक, हे समीकरण येथे लागू पडत नाही.

त्याहून विस्मयकारक बाब अशी की, एकाच कंपनीच्या एकाच प्रकारातील दोन लॉट एकाच नळीतून निरनिराळे निकाल देतात. त्यामुळे अव्वल नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट बसवून अनेक लॉट तपासतात आणि सर्वांत लहान पुंजका देणारा लॉट हंगामासाठी घेऊन ठेवतात. शेजाऱ्याच्या रायफलीला मानवलेले काडतूस आपल्या रायफलीला मानवेलच, असे नाही.

खाचांच्या पिळाचाही विचार करावा लागतो. .२२च्या आखूड गोळीला १६ इंचांत एक फेरा पुरतो. अमेरिकी सैन्याने १९८० च्या दशकात ५.५६ मिलिमीटरची लांब व जड गोळी स्वीकारली, तेव्हा १२ इंचांतील एका फेऱ्याच्या जागी ७ इंचांत एक फेरा देणारी नळी घ्यावी लागली. जुन्या नळीतून ती गोळी स्थिर राहत नव्हती.

मुंबईची हवा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपरहून वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जाणाऱ्या नेमबाजाला आणखी एका शत्रूशी सामना करावा लागतो. तो म्हणजे दमट, खारी हवा. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर उरणारा क्षार हवेतील ओलावा शोषतो आणि नळी गंजते. हा क्षार तेलात विरघळत नाही; म्हणून .३०३ची नळी उकळत्या पाण्याने धुण्याची शिस्त सैनिकांना लावली जात असे. आधुनिक प्रायमरमुळे हा धोका मावळला असला, तरी पावसाळ्यात सरावानंतर नळी कोरडी करून तेलाचा पातळ हात देणे आणि पुढील वेळी नेमबाजीपूर्वी ते पुसून काढणे अनिवार्य आहे.

नळीचे आयुष्य वाढवण्याचे इतर उपायही साधे आहेत. मोठ्या काडतुसाच्या रायफलीतून लागोपाठ गोळ्या झाडू नयेत, नळी निवू द्यावी. दारूचे प्रमाण कमाल मर्यादेला टेकलेली काडतुसे नित्याच्या सरावाला वापरू नयेत. झाडलेल्या गोळ्यांची नोंदवही ठेवावी. पुंजका अकारण पसरू लागला, तर ही वहीच सांगते की दोष नेमबाजाचा, नव्या लॉटचा की थकलेल्या नळीचा. नवी नळी घ्यावी की तंत्र सुधारावे, याचा निर्णय त्यानंतरच घेणे शहाणपणाचे ठरते.