मॉरिशस मार्ग

मॉरिशस मार्ग : परदेशी गुंतवणूकदाराने भारतात थेट पैसे न आणता आधी मॉरिशसमध्ये कंपनी नोंदवायची आणि तिच्या नावाने ते आणायचे, ही रीत. भारतीय कंपन्यांचे समभाग विकून होणाऱ्या नफ्यावर भारतात कर लागू नये, हा तिचा मुख्य हेतू. 1992 ते 2017 ही पंचवीस वर्षे हा रस्ता वाहता होता. ज्या शेअर बाजारात स्थानिक माणूस आणि परदेशी फंड शेजारी शेजारी उभे राहून एकाच भावाने समभाग विकतात, तिथे दोघांवरचा कर मात्र वेगळा, हा भेद या मार्गाने जितका उघड केला तितका दुसऱ्या कोणत्याही सवलतीने केला नाही.

मूळ करार. भारत आणि मॉरिशस यांनी 24 ऑगस्ट 1982 रोजी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार केला. एकाच उत्पन्नावर दोन देशांनी कर लावू नये यासाठी असे करार होतात आणि त्यात गैर काही नाही. या कराराच्या तेराव्या अनुच्छेदात मात्र अशी तरतूद होती, की समभाग विकून झालेल्या नफ्यावर विक्रेता ज्या देशाचा रहिवासी, त्याच देशाने कर लावायचा. मॉरिशसमध्ये भांडवली नफ्यावर करच नव्हता. दोनदा कर लागू नये म्हणून केलेल्या करारातून एकदाही न लागण्याची सोय झाली, ती अशी.

पहिली दहा वर्षे याची झळ कोणाला लागली नाही, कारण परदेशी संस्थांना भारतीय बाजारात समभाग घेताच येत नव्हते. 1991 च्या परकीय चलन संकटात देशाला सोने गहाण ठेवावे लागले. त्यानंतर, सप्टेंबर 1992 मध्ये, परदेशी संस्थात्मक गुंतवणूकदारांना बाजार खुला झाला. त्याच वर्षी मॉरिशसने परदेशी कंपन्यांना आपल्याकडे नोंदणी सुलभ करणारा कायदा केला. 1982 चे ते विसरलेले कलम एकाएकी मोलाचे ठरले. पोर्ट लुईमधल्या आणि पुढे एबेनमधल्या कार्यालयांत एकेका पत्त्यावर अनेक कंपन्या नोंदल्या गेल्या. कोकणातून गिरमिटावर गेलेल्यांचे वंशज आजही तिथे मराठी जपून आहेत, म्हणून मराठी वाचकाला हे बेट परके नाही. ऊस हाच ज्याचा आधार होता अशा छोट्या देशाने हाताला आलेली संधी घेतली, यात त्याला दोष देता येत नाही. या कराराने आपल्या तिजोरीचे काय होते ते पाहण्याचे काम भारताचे होते.

निवडीचा हक्क. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम 90(2) ही या सगळ्याची किल्ली होती. देशी कायदा आणि करार यांपैकी जे करदात्याला अधिक फायद्याचे असेल ते लागू, असे हे कलम सांगत होते. म्हणजे मॉरिशसमधल्या कंपनीपुढे दोन कायदे होते आणि तिने त्यातला सोयीचा उचलायचा. सांगलीच्या निवृत्त शिक्षकापुढे एकच कायदा. प्रस्तुत लेखकाच्या मते अन्यायाचे मूळ इथे आहे. दरातला फरक अर्थसंकल्पात एका ओळीने मिटवता येतो. निवडीतला फरक तसा मिटत नाही, कारण करार बदलायला दुसऱ्या देशाची संमती लागते.

दर ताडून पाहिले की हे डोळ्यांसमोर येते. 1996 साल घ्या. एकाच कंपनीचे समभाग तिघांनी वर्षाहून जास्त काळ सांभाळले आणि एकाच दिवशी विकले. पहिला मुंबईचा रहिवासी : महागाईच्या निर्देशांकानुसार खरेदीची किंमत वाढवून उरलेल्या नफ्यावर 20 टक्के. दुसरा थेट आलेला परदेशी फंड : निर्देशांकाचा लाभ नाही, पण दर 10 टक्के. तिसरा तसाच फंड, फक्त मॉरिशसमार्गे आलेला : शून्य. रहिवाशांनाही निर्देशांकाविना 10 टक्क्यांचा पर्याय मिळाला तो 1999 च्या अर्थसंकल्पात.

1 ऑक्टोबर 2004 पासून रोखे व्यवहार कर आला आणि त्याच्या बदल्यात बाजारात विकलेल्या समभागांवरील दीर्घ मुदतीचा नफा सर्वांनाच करमुक्त झाला. तेवढ्यापुरती दरी बुजली, हे नोंदवलेच पाहिजे. वर्षाच्या आत विकलेल्या समभागांवर मात्र ती कायम राहिली : 2008 पासून रहिवाशाला 15 टक्के, म्हणजे लाखाच्या नफ्यावर 15 हजार आणि वर उपकर, तर मॉरिशसच्या कंपनीला काहीच नाही. बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांत ही दरी सर्वांत खोल होती. पुण्यात दोन मित्रांनी कंपनी उभारली, मॉरिशसमधून आलेल्या फंडाने तिच्यात पैसे घातले आणि दहा वर्षांनी तिघांनी आपापले समभाग एकाच खरेदीदाराला विकले, असे समजा. करारनामा एक, टेबल एक, सहीचा दिवस एक. मित्रांना 20 टक्के कर, फंडाला शून्य. मॉरिशसचा आडोसा नसलेल्या अनिवासींसाठीही 2012 पासून देशी कायद्याने हा दर 10 टक्क्यांवर आणला. रहिवाशांचा 20 टक्केच राहिला. दोन्ही दर 12.5 टक्क्यांवर एकत्र आले ते 23 जुलै 2024 रोजी.

परिपत्रके आणि खटला. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 30 मार्च 1994 रोजी परिपत्रक क्र. 682 काढून मॉरिशसच्या रहिवाशाला भारतात भांडवली नफ्यावर कर नाही हे स्पष्ट केले. 2000 च्या आरंभी मुंबईतल्या प्राप्तिकर अधिकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. या कंपन्यांचे खरे मालक कोण, त्यांचा कारभार कुठून चालतो, हे विचारून त्यांनी काही फंडांना करमाफी नाकारली. बाजार घसरला. 13 एप्रिल 2000 रोजी मंडळाचे परिपत्रक क्र. 789 आले : मॉरिशस सरकारने दिलेला निवासाचा दाखला हाच पुरेसा पुरावा मानावा. आपल्याच अधिकाऱ्यांनी विचारलेला रास्त प्रश्न सरकारने त्यांच्या हातून काढून घेतला. पगारदाराला घरभाडे सवलतीसाठी घरमालकाची पावती दाखवावी लागते. कोट्यवधींच्या करमाफीला मात्र दाखल्याचा एक कागद पुरला.

निवृत्त प्राप्तिकर अधिकारी शिवकांत झा आणि ‘आझादी बचाओ आंदोलन’ ही संघटना या परिपत्रकाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. 2002 मध्ये न्यायालयाने ते रद्द केले. त्याच वर्षी शेअर घोटाळ्याची चौकशी करणाऱ्या संयुक्त संसदीय समितीनेही मॉरिशसमार्गे येणाऱ्या कंपन्यांच्या मालकीचा तपशील घेण्याची गरज मांडली होती. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 7 ऑक्टोबर 2003 रोजी जिंकले. न्या. रुमा पाल आणि न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या पीठाने परिपत्रक वैध ठरवले. निकाल लिहिणारे श्रीकृष्ण म्हणजे मुंबईच्या 1992-93 च्या दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला माहीत असलेले न्यायमूर्ती. भांडवलाची गरज असलेले विकसनशील देश तिसऱ्या देशातील लोकांनी करारांचा असा लाभ घेणे चालवून घेतात. ते किती काळ चालवून घ्यायचे, हे सरकारने ठरवायचे, न्यायालयाने नव्हे, अशी या निकालाची भूमिका होती. कायद्याच्या मर्यादेत ती योग्यच होती. सरकारने मात्र ठरवायला आणखी तेरा वर्षे घेतली.

दरम्यानच्या काळात भारतात येणाऱ्या थेट परकीय गुंतवणुकीत मॉरिशस वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर राहिले. सुमारे 12 लाख वस्तीच्या बेटाची स्वतःची बचत एवढी असणे शक्यच नाही. तो पैसा अमेरिका-युरोपचा होता. त्यात थोडा भारतातूनच बाहेर जाऊन परत आलेलाही होता, अशी शंका तज्ज्ञ आणि सरकार दोघांनीही वेळोवेळी मांडली. हे खरे असेल तेवढ्या प्रमाणात ही सवलत परदेशी माणसालाही मिळाली नाही. परदेशी वेष घेतलेल्या स्थानिकाला मिळाली.

बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे. सवलत नसती तर भांडवल दुसऱ्या देशात गेले असते, हा मुख्य युक्तिवाद. 1991 ची आठवण ताजी असताना त्यात तथ्य होते. परदेशी फंडामागे अनेकदा तिकडच्या पेन्शनरांची बचत असते आणि त्यांना आपापल्या देशात कर भरावा लागतो, हेही खरे. ज्या कंपनीत पैसे गुंतवले ती भारतात कंपनी कर भरते आणि रोखे व्यवहार कर सर्वांना सारखाच लागतो. पण ही कारणे 1992 ला जितकी लागू होती तितकी 2010 ला नव्हती. सवलत गरजेपोटी दिली गेली आणि गरज सरल्यावर सवयीने टिकली.

याच्या उलट बाजूही आहे. काही सवलती फक्त रहिवाशांनाच मिळतात. कमी उत्पन्नावर कर माफ करणारी सूट अनिवासींना नाही. उत्पन्न किमान मर्यादेहून कमी असेल तर उरलेली मर्यादा भांडवली नफ्यासाठी वापरता येते, तीही रहिवाशालाच. 2024 च्या अर्थसंकल्पाने घर-जमिनीच्या विक्रीवरील निर्देशांकाचा लाभ काढला. त्यावर ओरड झाली आणि जुन्या मालमत्तांसाठी निर्देशांकासह 20 टक्के किंवा त्याविना 12.5 टक्के असा पर्याय सरकारने परत दिला. तो फक्त रहिवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना. न्यू जर्सीत राहणारा मुलगा वडिलांनी ठेवलेला ठाण्याचा फ्लॅट विकायला येतो तेव्हा त्याला हा पर्याय नसतो. रहिवाशाकडून पन्नास लाख किंवा त्याहून महाग घर घेणारा 1 टक्का टीडीएस कापतो, तर याच्याकडून घेणारा पूर्ण दराने कापतो. हा मुलगा परदेशी गुंतवणूकदार म्हणून कोणाच्या नजरेत भरत नाही आणि स्थानिक म्हणूनही त्याला मोजत नाहीत.

जवळच्या तरतुदी. मॉरिशस मार्गासारखाच तोल ढळलेल्या दोन तरतुदी इथे सांगितल्या पाहिजेत. पहिली ‘एंजल टॅक्स’. 2012 च्या वित्त कायद्याने आलेल्या या तरतुदीनुसार बाजारात नोंद नसलेल्या कंपनीने समभाग रास्त मूल्याहून जास्त किमतीला दिले, तर वरची रक्कम तिचे उत्पन्न धरून त्यावर कर लागे. शंभर रुपये मूल्याच्या समभागाला नाशिकच्या एखाद्या काकांनी पाचशे रुपये दिले की चारशे रुपये करपात्र. सिंगापूरच्या फंडाने तेच पाचशे दिले तर काही नाही, कारण तरतूद रहिवाशांकडून आलेल्या पैशालाच लागू होती. पुढे नोंदणीकृत स्टार्टअपना त्यातून सूट मिळाली, 2023 मध्ये अनिवासींनाही तीत आणले आणि 2024 च्या अर्थसंकल्पात ती संपूर्ण रद्द झाली. अकरा वर्षे भारतीय उद्योजकाला भारतीय पैसा परदेशी पैशापेक्षा महाग पडत होता.

दुसरी तरतूद व्याजाची. 2013 ते 30 जून 2023 या काळात सरकारी रोख्यांच्या आणि भारतीय कंपन्यांच्या रुपयातील रोख्यांच्या व्याजावर परदेशी संस्थांना 5 टक्के कर होता. तेच रोखे घेणाऱ्या रहिवाशाला त्याच्या टप्प्यानुसार 30 टक्क्यांपर्यंत. दर एप्रिलमध्ये मुदत ठेवीवरचा टीडीएस वाचवण्यासाठी 15-एच फॉर्म घेऊन बँकेच्या रांगेत उभे राहणाऱ्या ज्येष्ठांना हे आकडे कधी कोणी शेजारी ठेवून दाखवले नाहीत. लाभांशाची आजची स्थितीही अशीच आहे. 2020 मध्ये कंपनीने भरायचा लाभांश वितरण कर गेला आणि तो भार भागधारकावर आला : वरच्या टप्प्यातल्या रहिवाशाला 30 टक्के आणि वर उपकर, तर मॉरिशसच्या कंपनीला करारानुसार 15 टक्के, आणि भारतीय कंपनीत तिचा किमान दहावा हिस्सा असेल तर 5 टक्के.

अशा करारांत परकीय नागरिकाशी भेदभाव करू नये असे कलम बहुधा असते. स्थानिकाला परकीयापेक्षा वाईट वागवू नये, असे कलम नसते. त्याची राखण संसदेने करायची असते.

2016 चा बदल आणि शेष. 10 मे 2016 रोजी दोन्ही देशांनी करारात दुरुस्ती केली. 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या समभागांच्या नफ्यावर कर लावण्याचा हक्क भारताला मिळाला. 31 मार्च 2019 पर्यंत अटींसह निम्मा दर होता, नंतर पूर्ण. 2018-19 मध्ये सिंगापूरने थेट गुंतवणुकीत मॉरिशसला मागे टाकले.

जुन्या गुंतवणुकीला दिलेले संरक्षण मात्र बारकाईने वाचण्यासारखे आहे. 1 एप्रिल 2017 पूर्वी मॉरिशसमार्गे घेतलेले समभाग कधीही विकले तरी करारातील तरतुदीनुसार संपूर्ण नफा करमुक्त. 2040 मध्ये विकले तरी. 2018 च्या अर्थसंकल्पाने रहिवाशांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर एक लाखापुढे 10 टक्के कर परत आणला तेव्हा त्यांनाही संरक्षण दिले, पण ते 31 जानेवारी 2018 च्या भावापर्यंतच. त्या दिवसानंतर वाढलेला प्रत्येक रुपया करपात्र. 2005 साली शंभर रुपयांना घेतलेला समभाग त्या दिवशी आठशेला होता आणि आज दोन हजारांना विकला, तर रहिवाशाचा करपात्र नफा बाराशे रुपये. त्याच दिवशी, त्याच भावाने घेतलेल्या मॉरिशसच्या समभागावर शून्य. आणि रहिवाशाचा दर 23 जुलै 2024 पासून 12.5 टक्के झाला, सवा लाखाच्या मर्यादेपुढे.

7 मार्च 2024 रोजी करारात आणखी एका दुरुस्तीवर सह्या झाल्या. कर वाचवणे हा ज्या व्यवहाराचा एक मुख्य हेतू असेल त्याला कराराचा लाभ नाकारता येईल, अशी कसोटी तिने आणली. ही कसोटी जुन्या समभागांना लागणार का, या प्रश्नाने परदेशी फंड अस्वस्थ झाले. 21 जानेवारी 2025 रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढले : मॉरिशस, सिंगापूर आणि सायप्रस यांच्या करारांतील जुन्या गुंतवणुकीच्या संरक्षणाला ही कसोटी लागू नाही.