फॉर्म नंबर ३

आमच्या घरी लोखंडी पेटीत, आईच्या शालूखाली, एक कागद जपून ठेवलाय. फॉर्म नंबर ३. केंद्र सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी ज्या जागा असतात, त्यांच्या प्रमाणपत्रांचे नमुने १९८० साली ठरले. देशाकडून खेळलात तर फॉर्म १, राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेत खेळलात तर २, विद्यापीठाकडून खेळलात तर ३, शालेय राष्ट्रीय स्पर्धा असेल तर ४. माझा तीन. या कागदावर मी १९८२ ते २०१८ अशी छत्तीस वर्षं नोकरी केली, दोन मुलींची लग्नं लावली, मानेवाड्याला घर बांधलं. फुटबॉलने तुम्हाला काय दिलं, असं कोणी विचारलं की मी पेटी उघडतो. कप आणि मेडल कुठे गेले, मलाही ठाऊक नाही.

नागपूरच्या फुटबॉलचा इतिहास लिहायचा तर तो गोलांचा कमी आणि अशा कागदांचा जास्त होईल. इथे चेंडूमागे धावणारा पोट्टा शेवटी कुठल्यातरी ऑफिसच्या हजेरीबुकापाशी जाऊन थांबायचा. आम्हाला ते हरल्यासारखं वाटत नव्हतं. तीच आमची फायनल होती.

या मैदानापर्यंत येणाऱ्या वाटा तीन. पहिली कामठीची. १८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हान नदीच्या काठी छावणी वसवली. पलटणी आल्या, त्यांच्या मागे बाजार आला, पुढे गोऱ्या सोजिरांचे खेळ आले. १८५७ नंतर उत्तरेकडून विणकर कुटुंबं येऊन कामठीत आणि नागपूरच्या मोमिनपुऱ्यात स्थिरावली. दिवसभर माग चालवून आखडलेले पाय संध्याकाळी मैदानावर मोकळे व्हायचे. तिकडे कलकत्त्यात मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ पासून ओळीने पाच वेळा लीग जिंकली, तेव्हा देशभरच्या अशा वस्त्यांत फुटबॉल नुसता खेळ उरला नाही, अभिमानाची गोष्ट झाला. कामठीच्या रब्बानी मैदानावर मी पहिल्यांदा खेळायला गेलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो. बघणाऱ्यांत लुंगीवाले म्हातारे होते आणि त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. मी लेफ्ट हाफ. पास चुकला की मागून आवाज यायचा, "अबे, डोकं वर करके खेल!" मराठी-हिंदीची ती खिचडी मला आजही ऐकू येते, आणि माझ्या प्रशिक्षणातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे.

दुसरी वाट रेल्वेची. माझे वडील मोतीबागच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये फिटर होते. आमची रेल्वे मुळात बेंगाल नागपूर रेल्वे, स्थापना १८८७ ची. तिचं मुख्यालय कलकत्त्याच्या गार्डन रीचला, आणि तिचा बीएनआर संघ कलकत्ता लीगमध्ये खेळायचा. त्यामुळे मोतीबागच्या क्वार्टर्समध्ये मुंबईपेक्षा कलकत्ता जवळ वाटायचं. मोहन बागान आणि ईस्ट बेंगालच्या निकालावर पैजा लागायच्या, त्याही चहाच्या. वडील स्वतः कधी चेंडूला शिवले नाहीत, पण त्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. शॉपमध्ये अप्रेंटिस व्हायला वशिला लागतो, आणि पायात खेळ असेल तर तोच वशिला होतो. ते म्हणायचे, "खेळ ना बाबू, पण सर्टिफिकेट घेऊनच घरी ये."

तिसरी वाट मिशनच्या शाळा-कॉलेजांची. सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा १८७० ची, हिस्लॉप कॉलेज १८८३ चं. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ झालं. पुढे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग विद्यापीठाचा संघ, मग आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि तिथली सर आशुतोष मुखर्जी ट्रॉफी, अशी शिडी तयार झाली. विद्यापीठाकडून खेळलेल्याला आमच्याकडे 'कलर होल्डर' म्हणतात. ही पदवी बी.ए.पेक्षा वरची. कलर होल्डर मुलगा सायकलवरून गेला तरी गल्लीतले लोक बोट दाखवायचे.

तेव्हाचा चेंडू आजच्या पोरांना दाखवला तर हसतील. चामड्याचे जाड तुकडे हाताने शिवलेले, आत रबरी ब्लॅडर, वर तोंडाशी बुटासारखी लेस. ब्लॅडरची नळी बाहेर काढायची, सायकलच्या पंपाने हवा भरायची, नळी दुमडून दोऱ्याने करकचून बांधायची आणि आत कोंबायची. मग लेस ओढायची. लेसची गाठ वर राहिली की हेड मारताना कपाळावर तिचा ठसा उमटायचा. पावसाळ्यात हा चेंडू पाणी पिऊन इतका जड व्हायचा, की कॉर्नरवरून गोलपर्यंत नेणं हेच शौर्य. बूट घ्यायची ऐपत नसायची, म्हणून जुन्या बुटांना मोच्याकडून चामड्याच्या पट्ट्या ठोकून घ्यायचो. खेळता खेळता पट्टी झिजे, खिळा वर येई आणि तळव्यात रुते. मॅच संपली की आधी मोजे सोलून बघायचं, रक्त किती आलंय. त्यात आमची काळी माती. उन्हाळ्यात तिच्या भेगांत घोटा अडकायचा, पावसात तीच बुटाला शेरभर चिकटायची.

एवढं सगळं करून कॉलेजला आलो की आमच्या लेखी खरा फुटबॉल सुरू व्हायचा. वय अठरा. रविनगरच्या मैदानावर निवड चाचणी, संघाच्या यादीत नाव, रिझर्व्हेशन न मिळालेला रेल्वेचा प्रवास, परराज्यातल्या कुठल्यातरी वसतिगृहाच्या फरशीवर झोप, दोन मॅच आणि परत. मी १९७९ मध्ये असाच गेलो. पहिली जिंकलो, दुसरी हरलो. पण फॉर्म ३ साठी जिंकणं गरजेचं नसतं, खेळणं पुरतं. रेल्वे, पोलीस, राज्य राखीव दल, टपाल, आयुध निर्माणी, अशी दारं होती. पुढे राज्य सरकारने २००५ मध्ये नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण दिलं. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुणही मिळू लागले. म्हणजे शिडी मजबूत झाली, पण टेकलेली राहिली त्याच भिंतीला.

एक गोष्ट मात्र तरुणपणी लक्षात आली नव्हती. क्रिकेटमध्ये विदर्भाची स्वतःची संघटना आहे. नागपूरचा पोरगा विदर्भाच्या नावाने रणजी खेळतो, आणि २०१७-१८ मध्ये विदर्भाने रणजी जिंकूनही दाखवली. फुटबॉलमध्ये नागपूर हा वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनमधला एक जिल्हा. तिचं ऑफिस मुंबईत. संतोष ट्रॉफी खेळायची तर महाराष्ट्राच्या संघात शिरावं लागतं आणि त्यासाठी आधी मुंबई-पुण्याच्या नजरेत भरावं लागतं. ज्या शहरातून वडिलांच्या पिढीची नजर कलकत्त्याकडे होती, त्याला आता रात्रभराच्या गाडीने मुंबई गाठावी लागते.

आणि मग २००१ आलं. हिस्लॉपमध्ये क्रीडा शिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडताना पाहिली होती, ही गोष्ट आता साऱ्या देशाला माहीत आहे. त्यांनी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला, त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. इथला अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार होता. २०१८ मध्ये संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला आणि बारसे सरांवरून रचलेल्या भूमिकेत अमिताभ बच्चन नागपुरात फिरताना दिसले.

लोक पुरस्कार आणि सिनेमाविषयी बोलतात. मला त्यातली वेगळीच गोष्ट मोठी वाटते. आमच्या शिडीच्या पहिल्या पायरीवर कॉलेज होतं. जो कॉलेजपर्यंत पोचलाच नाही, त्याच्यासाठी नागपुरात फुटबॉल नव्हताच. बारसेंनी ही अट काढून टाकली. चेंडू आधी, बाकीचं नंतर. सर्टिफिकेट न विचारता खेळायला बोलावणारा माणूस या शहराने पहिल्यांदा पाहिला.

तरीही पुढचा प्रश्न उरतोच. २०१४ पासून इंडियन सुपर लीग आली, पोरांना खेळाडूंचे पगार कळू लागले. आता ते मला नोकरीचं विचारत नाहीत. "सर, क्लबमध्ये कसं जायचं?" असं विचारतात. निवृत्तीनंतर मी रोज सकाळी पंचवीस-तीस पोरांना शिकवतो. तीन वर्षांपूर्वी त्यातल्या एकाला मुंबईतल्या एका क्लबच्या ट्रायलचा निरोप आला. वय एकोणीस, बी.कॉम.चं दुसरं वर्ष, डावा पाय लोण्यासारखा. जनरल डब्यात संडासाशेजारी बसून रात्र काढली. सकाळी साडेनऊला मैदानावर, अकराच्या आत मोकळा. वीस मिनिटं खेळवलं. तिथल्या माणसाने पाठीवर हात ठेवून सांगितलं, "चांगला आहेस, पण पाच वर्षं आधी यायला हवं होतंस." त्याच रात्रीच्या गाडीने परत. स्टेशनवर घ्यायला मी गेलो होतो. तो काही बोलला नाही. त्याच्या बॅगेत आईने दिलेला डबा तसाच होता, भाजी आंबलेली.

त्या माणसाचा मला राग आला नाही, कारण त्याने खरं सांगितलं होतं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, पण त्याआधी लहानपणीच तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. प्रोफेशनल फुटबॉलचा दरवाजा तेराव्या-चौदाव्या वर्षी उघडतो. आमची शिडी अठराव्या वर्षी सुरू होते. कॉलेज ही आमची सुरुवात होती. आता कॉलेजला पोचेपर्यंत पहिला हाफ संपलेला असतो. दोष पोरांच्या पायांत नाही. नागपूरची सगळी व्यवस्था फॉर्म ३ साठी बांधलेली आहे, आणि ती बांधणाऱ्यांत, तिच्यावर पोट भरणाऱ्यांत, मीही आहे.

माझ्या वहीत पूर्वी प्रत्येक पोराच्या नावापुढे शाळा-कॉलेज लिहायचो. गेल्या जूनपासून जन्मतारीख लिहितो. पहिल्याच दिवशी गंमत झाली. अकरा जणांची तारीख निघाली १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली. माझीही तीच, १ जून १९५८. त्या तारखेपायी सरकारने मला ३१ मेलाच घरी पाठवलं होतं. पण माझं एका दिवसावर भागलं. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात. गुरुजींची तारीख तिथे चालत नाही. एक-दीड वर्षाचा फरक निघाला की पोरगा बाद.

एका बाराएक वर्षांच्या पोट्ट्याच्या आईला खरी तारीख विचारली. भांडी घासता घासता म्हणाली, "नागनदीचं पाणी घरात शिरलं होतं न भाऊ, त्याच्या दुसऱ्या रोजी." दवाखाना कुठला होता तेवढं तिला आठवत होतं. सोमवारी तिला घेऊन महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर गेलो. बाबूने विचारलं, "कशाला पायजे दाखला? नोकरीला?"

"नाही," मी म्हणालो, "त्याला अजून वेळ आहे."