नित्य व्यवहारांतील ख्रिस्ती दृष्टांत व पनवेल प्रांत

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती धर्मप्रसाराचा इतिहास बहुधा मिशनें, शाळा आणि धर्मांतरें यांच्या अनुक्रमानें लिहिला जातो. त्यांत एक प्रश्न मागें राहतो : पालेस्ताइनच्या शेतकऱ्यास व कोळ्यास सांगितलेले दृष्टांत मराठी माणसाच्या रोजच्या व्यवहाराशीं कितपत जुळले ? या विचारास पनवेल हें ठिकाण आम्हांस सोयीचें वाटतें.

१८६३ त आगगाडी बोरघाटांतून जाऊं लागण्यापूर्वीं मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी बहुधा होडीनें पनवेल बंदरीं उतरे व तेथून खुष्कीनें घाट गांठी. कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हीबर हे १८२५ च्या पावसाळ्यांत याच वाटेनें पुण्यास गेले. मराठी नवा करार श्रीरामपूर येथें १८११ त व मुंबईस अमेरिकन मिशनकडून १८२६ त प्रसिद्ध झाला. त्यांतील दृष्टांत या खाडीकाठच्या जीवनाशेजारीं ठेवून पाहूं.

मिठाचा खारटपणा गेला तर तें निरुपयोगी, हा उपदेश केवळ स्वयंपाकघरांतील मीठ पाहणाऱ्यास कोडें वाटेल. मिठागरांत राबणाऱ्या आगऱ्यास तसें वाटणार नाहीं. आगरांतील मिठांत माती मिसळलेली असते. ढिगावर पाऊस पडला कीं क्षार वाहून जातो आणि चिखल उरतो. जाळ्यांत आलेली मासळी किनाऱ्यावर निवडण्याचा दृष्टांत कोळणीच्या नित्य कामाचाच आहे.

पेरणाऱ्याच्या दृष्टांताची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. त्यांत बी हातानें फेकलें जातें आणि कांहीं वाटेवर, कांहीं खडकावर, कांहीं कांट्यांत पडतें. या प्रांतांत गोड्या जमिनींत राब भाजून रोप तयार करतात व मग लावणी करतात. तेथें बियाणें असें वाया जात नाहीं. खाऱ्या जमिनींत मात्र मोड आणलेलें भात चिखलांत फेकूनच पेरतात. म्हणजे एकाच दृष्टांताचे एकाच तालुक्यांत दोन श्रोते होतात : एकास तो आपलाच वाटावा, दुसऱ्यास समजावून द्यावा लागावा. भाषांतरकारांचीही अशीच अडचण झाली. पिठांत कालवून तें फुगविणाऱ्या द्रव्यास त्यांनीं ‘खमीर’ हा फारशीमार्गें आलेला शब्द योजला. ज्या घरांत आंबोळीचें पीठ आंबत होतें व दुधास विरजण लागत होतें, तेथें हा शब्द परका राहिला.

दृष्टांतांतून धर्म सांगण्याची रीत मराठीस नवी नव्हती. चक्रधरस्वामींचे दृष्टांत केसोबासांनीं तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘दृष्टांतपाठा’त ग्रथित केले होते. हें वळण ओळखणारा पहिला ख्रिस्ती ग्रंथकार म्हणजे इंग्लंडांत जन्मलेला जेसुइट फादर स्टीफन्स होय. त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ त गोमंतकांत राचोल येथें छापलें गेलें. पूर्वींचीं पुराणें सुटलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या जागीं वाचावयास कांहीं हवें होतें, आणि ही गरज त्यानें ओवीनेंच भागविली.

पनवेलांत मात्र या सर्वांहून बोलका पुरावा ख्रिस्ती नसलेल्या समाजाचा आहे. कोंकणांतील बेने इस्रायल हे तेलाचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. दीर्घ काळ ग्रंथांशीं संबंध तुटलेला असतां त्यांचा धर्म अशा आचारांत टिकला होता. एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांनीं त्यांच्यासाठीं शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनीं हिब्रूचें मराठी व्याकरण १८३२ त प्रसिद्ध केलें. परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. ख्रिस्ती झाले ते फार थोडे. जुना करार व हिब्रू यांच्या ओळखीनें समाजाची यहुदी निष्ठाच दृढ झाली. पनवेलचें बेथ एल प्रार्थनामंदिर १८४९ चें आहे. ग्रंथाची गांठ जेथें आधींच जगल्या जाणाऱ्या धर्माशीं पडली, तेथें त्यानें त्या जीवनासच बळ दिलें.

हा धडा पुढच्या पिढीच्या मराठी ख्रिस्ती लेखकांच्या कृतींत उतरलेला दिसतो. नारायण वामन टिळक यांनीं १८९५ त बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडलें नाहीं. लक्ष्मीबाई १९०० त ख्रिस्ती झाल्या. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त धर्मसिद्धांतांची चर्चा थोडी, श्रद्धेची कसोटी लागते ती चूल, पाणी, पंगत आणि पोरकीं मुलें यांच्यापाशीं. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक मुळावरून साध्या बायकांस कळेल अशा मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. त्या १९२२ त निवर्तल्या. ग्रंथ १९२४ त बाहेर पडला. केडगांवच्या मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच त्याचें छापकाम केलें होतें.

धर्म बदलला म्हणजे भाषा, छंद आणि घरही परकें व्हावें काय, हा त्या काळच्या नवख्रिस्ती माणसापुढील खरा पेंच होता. त्याचें उत्तर मंडनखंडनाच्या पुस्तकांत शोधूं नये. तें ओवींत, अभंगांत, चुलीपाशीं व शनिवारीं थांबलेल्या घाण्यापाशीं मिळतें. आणि म्हणून मिशनांच्या अहवालांइतकेंच लक्ष इतिहाससंशोधकानें मिठागरें, खाचरें व स्वयंपाकघरें यांकडे द्यावें, असें आमचें मत आहे.