वसईच्या घंटांच्या मागावर

वसईच्या किल्ल्यात आज पाऊल ठेवले, तर संत जोसेफच्या महामंदिराचा उंच मनोरा प्रथम नजरेत भरतो. छप्पर केव्हाच कोसळले आहे, भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी विळखा घातला आहे. पण मनोरा उभा आहे. त्याच्या माथ्यावरच्या कमानी मात्र रिकाम्या आहेत. जेथून एकेकाळी दिवसातून तीनदा प्रार्थनेची हाक जात असे, तेथून आता फक्त वारा जातो. त्या कमानींखाली उभे राहिलो की आमच्या मनात एकच प्रश्न येई : येथल्या घंटा कोठे गेल्या?

उत्तर इतिहासाच्या पुस्तकांत आहे, तसेच ते लोकांच्या तोंडीही आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि ख्रिस्तमंदिरांतील घंटा विजयाची खूण म्हणून देशावर नेण्यात आल्या. त्यांतील काही आजही महाराष्ट्रातील देवळांत टांगलेल्या आहेत. हे आम्ही अनेकदा वाचले होते. प्रवचनातून सांगितलेही होते. पण डोळ्यांनी पाहिले नव्हते. म्हणून एका हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील काही तरुण आणि दोन-तीन ज्येष्ठ मंडळी यांना बरोबर घेऊन आम्ही निघालो. खाजगी गाडी करायची नाही, आगगाडी आणि एस. टी. यांनीच जायचे, असे ठरविले. ज्यांच्या मुलखात आपण जाणार, त्यांच्या शेजारी बसून जावे, एवढाच त्यामागचा विचार होता.

प्रवासाआधी इतिहासाची थोडी उजळणी करणे आवश्यक आहे. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे हे शहर त्यांच्या 'उत्तरेच्या प्रांता'ची राजधानी झाले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन संघांचे मठ तटाच्या आत उभे राहिले. येथेच जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाने ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर प्राण दिला आणि १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्याला संतपद बहाल केले. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली. १७३९ च्या आरंभी वसईला वेढा पडला आणि मे महिन्यात, दोन्ही बाजूंची मोठी प्राणहानी झाल्यावर, शहराने शरणागती पत्करली. ठरलेल्या अटींप्रमाणे पोर्तुगीजांना आपले कुटुंबकबिले घेऊन सुखरूप निघून जाता आले. माणसे गलबतांत बसून गेली. मनोऱ्यावरची मणामणाची घंटा उतरवून गलबतात घालणे मात्र तितके सोपे नव्हते.

आमचा पहिला मुक्काम नाशिक. कल्याण सोडले की आगगाडी हळूहळू चढणीला लागते. कसारा आल्यावर मागून जादा इंजिन जोडले जाते आणि मग बोगदे, दऱ्या, कड्यावरून दिसणारी पाड्यांची कौले असा सह्याद्रीचा पट उलगडत जातो. थळ घाटातील हा मार्ग १८६५ साली वाहतुकीला खुला झाला. ज्या घाटांतून १७३९ साली बैल आणि माणसे यांच्या बळावर ओझी वर चढली असतील, तेथून आम्ही शेंगदाणे खात तासाभरात इगतपुरीला पोहोचलो!

नाशिकरोडहून बसने पंचवटी गाठली. गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ साली बांधविले. दर्शनी तटावर, एका छोट्या मेघडंबरीत, ती प्रसिद्ध घंटा आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. म्हणजे वसई पडण्यापूर्वी अठरा वर्षे ती ओतली गेली आणि देऊळ बांधले गेले ते वसई पडल्यानंतर आठ वर्षांनी. नाशिककरांना तिचा अभिमान आहे. 'नारोशंकराची घंटा' हा तर मराठी भाषेतील बोलीचा शब्द होऊन बसला. आमच्यातील एका वृद्धाने खालून तिच्याकडे पाहून नकळत क्रुसाची खूण केली. शेजारी हार विकणाऱ्या बाई ते पाहत होत्या. ''तुम्ही वसईचे का?'' एवढेच त्यांनी विचारले आणि आम्हांला सावलीत बसायला जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी पुण्याकडे जाणारी एस. टी. धरली. सिन्नर मागे पडले. संगमनेर आले, अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कॅथलिक मिशनचे हे एक जुने केंद्र. पुढे नारायणगावची द्राक्षे आणि मंचरचा कांदा पाहत मंचरला उतरलो व भीमाशंकरची बस घेतली. घोडेगावनंतर रस्ता डोंगरात शिरतो. डिंभे धरणाचे निळे पाणी बराच वेळ सोबत करते. बसमध्ये आमच्या मांडीला मांडी लावून आदिवासी बाया, शाळेची मुले आणि एक कोंबडीही होती. जसजसे वर जावे तसतसे झाड दाट होत जाते. शेकरू या मोठ्या खारीसाठी हे अभयारण्य राखलेले आहे.

भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. देवळासमोर टांगलेल्या मोठ्या घंटेवर १७२९ हे साल वाचता येते. चिमाजी आप्पांनी ती अर्पण केली, अशी परंपरा आहे. तिच्याजवळ भाविकांची सतत ये-जा होती. आम्ही बाजूला थांबून पाहत राहिलो. कमानींत रिकामे आकाश असलेला आमचा मनोरा एकीकडे आणि माणसांच्या गर्दीत असलेली ही घंटा दुसरीकडे!

पुण्याहून सातारच्या बाजूची आगगाडी घेतली. जेजुरी, नीरा, लोणंद ही स्थानके गेली. आदर्कीच्या आसपास गाडी डोंगराच्या कडेने वळणे घेते आणि खाली माळरान, मेंढ्यांचे कळप, दूरवर उसाचे हिरवे तुकडे दिसतात. वाठारला उतरून बसने वाई गाठली. कृष्णेचे घाट, रास्त्यांनी बांधलेला ढोल्या गणपती आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालय या तिन्ही गोष्टींमुळे वाई प्रसिद्ध आहे. तेथून मेणवली अगदी जवळ. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे कृष्णेच्या पात्रात उतरणारा चंद्रकोरीसारखा घाट, दोन देवळे आणि एका लहानशा दगडी घुमटीत टांगलेली घंटा. तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया कोरलेली आहे. कृष्णाकाठी, वडाच्या सावलीत, आपली माता अशी भेटेल असे कोणाला वाटले असते? आमच्यातील स्त्रिया काही न बोलता तेथे थांबल्या. मग कोणीतरी हळू आवाजात 'नमो मरिये' सुरू केले.

ही घंटाही चिमाजी आप्पांनीच येथे वाहिली, असे सर्रास सांगितले जाते. येथे जरा थांबावयास हवे. चिमाजी आप्पा डिसेंबर १७४० मध्ये वारले. नाना फडणवीसांचा जन्म १७४२ चा आणि मेणवली गाव त्यांना मिळाले १७६८ साली. तेव्हा वाडा व घाट झाले ते त्यानंतर. म्हणजे ही घंटा वसईची असली, तरी ती या घाटावर आली ती दुसऱ्या पिढीत, दुसऱ्या कोणाच्या हातून. भीमाशंकरच्या देवळाचे शिखर नानांनी बांधविले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. परंपरा खोटी असते असे नव्हे. पण ती अनेक हातांचे काम एका मोठ्या नावावर जमा करते. तारखा जुळवून पाहणे हे इतिहासाचे पहिले पथ्य आहे आणि ते आपल्या अभिमानाच्या गोष्टींनाही लागू आहे.

मेणवलीच्या पायऱ्यांवर आमच्यातील एका तरुणाने तो प्रश्न विचारला. ''फादर, घंटा आपल्या आहेत ना? मग आपण त्या परत का मागत नाही?''

प्रश्न रागाचा नव्हता, दुःखाचा होता. म्हणून त्याला टाळणे बरे नव्हते. आम्ही त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली गोष्ट कडू आहे. ज्या राजवटीत या घंटा ओतल्या गेल्या, त्याच राजवटीत हिंदूंची देवळे पाडली गेली, त्यांच्या उत्सवांवर बंदी आली आणि १५६० पासून गोव्यात धर्मन्यायसभा बसली. दुसऱ्याच्या देवळाची घंटा बंद करणाऱ्यांच्या मनोऱ्यावरची घंटा पुढे उतरली, असे कोणी म्हटले तर आपण काय उत्तर देणार? १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या अपराधांबद्दल परमेश्वराकडे जाहीर क्षमा मागितली. ती क्षमायाचना रोमपुरती नव्हती. ती वसईचीही होती.

दुसरी गोष्ट गोड आहे आणि ती आपण क्वचितच सांगतो. पोर्तुगीजांचे राज्य वसईवर २०५ वर्षे होते. ते संपून त्याहून अधिक काळ लोटला आहे. गलबते निघून गेली तेव्हा सत्ता गेली, मठ ओस पडले, घंटाही गेल्या. मागे राहिले ते शेतकरी, कोळी, भंडारी, कुपारी, वाडवळ. त्यांना बोलावणारी घंटा नव्हती, तरी ते प्रार्थनेला येत राहिले. मराठ्यांच्या राज्यात त्यांनी आपली श्रद्धा राखली आणि आपली बोलीही राखली. आपला धर्म तलवारीच्या आधाराने टिकला, असे जे म्हणतात त्यांना हा काळच उत्तर देतो. आधार गेल्यावर जे उरते, तेच आपले असते. २२ मे १९९८ रोजी वसई धर्मप्रांत स्थापन झाला, तो या उरलेल्या श्रद्धेचा.

''म्हणजे घंटा त्यांच्याकडेच राहू द्यायच्या?'' त्याने विचारले.

''त्या तेथे जपल्या गेल्या,'' आम्ही म्हणालो. ''आपली आई त्यांनी पुसून टाकली नाही. इतकी वर्षे ती नदीकाठी तशीच आहे. ती येथे आहे म्हणून तर आपण येथे आलो, यांच्या बसमध्ये बसलो, यांच्या हातचा चहा प्यालो.'' त्याचे समाधान झाले की नाही, हे आम्हांला सांगता येणार नाही. परतीच्या गाडीत तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता.

वाचकहो, पुढची गोष्ट लहान आहे. आमच्या ख्रिस्तमंदिराच्या मनोऱ्यावर एक जुनी घंटा आहे. गेली काही वर्षे तिचा दोर कुजून गेला होता आणि ध्वनिक्षेपकावर मुद्रित घंटानाद लावला जात असे. तोच सोयीचा, म्हणून कोणाची तक्रार नव्हती. दुसऱ्यांनी जपलेल्या आपल्या घंटा पाहण्यासाठी आम्ही चार दिवस घाट चढत-उतरत होतो आणि घरची घंटा मुकी होती! परतल्यानंतरच्या शनिवारी तोच तरुण आगाशीच्या बाजारातून नवा दोर घेऊन आला. रविवारी पहाटे त्याने तो ओढला तेव्हा पहिले दोन ठोके बेसूर पडले. तिसरा मात्र नीट लागला आणि वाडीतील दारे उघडू लागली.