घरी बनवलेल्या विमानाचं इंजिन बदलताना सगळा खेळ इंजिन माउंटवर का येतो?

२०१६ साली मुंबईत ‘मेक इन इंडिया’ सप्ताह झाला, तेव्हा एका छोट्या विमानाची बरीच चर्चा झाली होती. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर हे सहा आसनी विमान तयार केलं होतं. त्याच्या नोंदणीसाठी त्यांना कित्येक वर्षं सरकारी उंबरठे झिजवावे लागले. अखेर २०१७ मध्ये नोंदणी मिळाली.

भारतात अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. अमेरिकेत मात्र घरी विमान बनवणं हा चांगला रुजलेला छंद आहे. १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी लोकांची ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संघटना सुरू केली. तिथल्या नियमानुसार विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा आवड म्हणून केलेलं असलं, की त्याला ‘एक्सपेरिमेंटल’ गटात उडण्याची परवानगी मिळू शकते.

या छंदात एक मोह हमखास होतो, तो म्हणजे आराखड्यात सांगितलेलं इंजिन सोडून दुसरंच बसवण्याचा. विमानाचं प्रमाणित इंजिन महाग असतं. मग कुणी फोक्सवॅगन बीटलचं इंजिन घेतं, कुणी सुबारूचं, तर कुणी हलकं रोटॅक्स. नवं इंजिन जुन्या बोल्टांवर बसत नाही आणि गाडी येऊन थांबते इंजिन माउंटवर.

इंजिन माउंट म्हणजे नेमकं काय?

गाड्यांच्या गॅरेजमध्ये ज्याला ‘इंजिन फाउंडेशन’ म्हणतात, त्याचाच हा विमानातला भाऊ. स्टीलच्या बारीक नळ्या त्रिकोणात वेल्ड करून केलेला हा एक सांगाडा असतो. त्याची एक बाजू इंजिनाला जोडलेली असते. दुसरी बाजू फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या आगरोधक पडद्याला, बहुतेक वेळा चार ठिकाणी बोल्टांनी जोडतात. त्या पडद्यामागे विमानाचा मुख्य सांगाडा सुरू होतो. इंजिनाची थरथर पुढे जाऊ नये म्हणून इंजिन आणि माउंट यांच्यामध्ये रबराचे बुश असतात.

या नळ्या सहसा ४१३० नावाच्या क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित स्टीलच्या असतात. भिंतीची जाडी अनेकदा ०.९ ते १.२५ मिलिमीटर इतकीच. एवढ्याशा नळ्यांवर इंजिनाचं वजन, पंख्याची ओढ, इंजिनाचा पीळ आणि वळताना फिरत्या पंख्यामुळे येणारा आडवा जोर असं सगळं येतं. काही विमानांत तर चाकाचा पायही याच माउंटला जोडलेला असतो. म्हणजे उतरताना विमान आपटलं, तर तो दणकाही माउंटच खातं.

हलकं इंजिन, मग काळजी कसली?

इथेच बरेच जण फसतात. विमान हवेत एका तोल-बिंदूभोवती सांभाळलं जातं. बागेतल्या सी-सॉवर हलकं मूल तोल साधायला टोकाकडे सरकतं, तसंच इथेही होतं.

एक सोपा हिशेब पाहू. समजा, जुनं इंजिन १०० किलोचं आहे आणि तोल-बिंदूच्या १ मीटर पुढे बसलंय. वजन गुणिले अंतर केलं तर १०० येतात. नवं इंजिन ८० किलोचं असेल, तर तेच १०० मिळवायला ते १.२५ मीटर पुढे न्यावं लागेल. म्हणजे माउंट २५ सेंटिमीटरने लांबवावं लागेल.

आता समजा फायरवॉल तोल-बिंदूच्या ०.६ मीटर पुढे आहे. जुनं इंजिन फायरवॉलपासून ०.४ मीटरवर होतं, म्हणजे १०० गुणिले ०.४, उत्तर ४०. नवं इंजिन ०.६५ मीटरवर आहे, म्हणजे ८० गुणिले ०.६५, उत्तर ५२. इंजिन २० किलोंनी हलकं झालं, पण फायरवॉलजवळच्या जोडांवरचा वाकवणारा भार ३० टक्क्यांनी वाढला!

शिवाय नाक लांबलं की विमानाच्या पुढच्या भागाला बाजूने लागणारी हवा वाढते. त्यामुळे विमान सरळ रेषेत राहायला कुरकुर करू शकतं.

हा प्रश्न जुनाच आहे. मिनेसोटाच्या बर्नार्ड पिटेनपोल यांनी १९२९ च्या सुमारास ‘एअर कॅम्पर’ या लाकडी विमानाला फोर्ड मॉडेल ए या मोटारीचं जड इंजिन लावलं होतं. पुढे याच आराखड्यावर हलकं कॉन्टिनेंटल इंजिन बसवणाऱ्यांना तोल जमवण्यासाठी नाक लांब करावं लागलं किंवा पंख काही इंच मागे घ्यावे लागले.

किती मजबूत हवं?

साधारण गटातल्या छोट्या विमानांसाठी वजनाच्या ३.८ पट भार धरण्याची पद्धत आहे. त्यावर १.५ पट सुरक्षितता. म्हणजे ८० किलोचं इंजिन माउंटला ४५६ किलोचं समजावं लागतं.

इंजिनाच्या पिळाचा हिशेब वेगळा. सिलिंडर जितके कमी, तितके धक्के जास्त. म्हणून नियमांत सरासरी पिळाला पाच किंवा जास्त सिलिंडरसाठी १.३३ ने, चारसाठी २ ने, तीनसाठी ३ ने आणि दोनसाठी ४ ने गुणतात. त्यामुळे सहा सिलिंडरच्या इंजिनाचं माउंट चार सिलिंडरच्या इंजिनाला चालेलच, असं डोळे झाकून म्हणता येत नाही.

करताना काय चुकतं?

नळीचं टोक दुसऱ्या नळीवर नीट टेकेल असं खोलगट कापावं लागतं. फट राहिली आणि ती वेल्डिंगच्या मसाल्याने भरली, तर जोड कमकुवत होतो. वेल्डिंगच्या उष्णतेने सांगाडा वाकतो, म्हणून तो आधी भक्कम साच्यात घट्ट बांधतात. अनेक विमानांत पंख्यामुळे होणारी ओढ कमी करायला इंजिन मुद्दाम एक-दोन अंश तिरकं बसवलेलं असतं. नवं माउंट करताना तो कोन हरवला, तर वैमानिकाला पायाने सतत रडर दाबून धरावं लागतं.

काही चुका अगदी साध्या असतात. वायर अडकवायला नळीला भोक पाडणं, हा तर सरळ घातच. नळीवर थेट प्लॅस्टिकचा झिप टाय बांधला, तरी त्याखाली धूळ अडकते आणि थरथरीने पॉलिश पेपरसारखी नळी घासते. त्यापेक्षा रबर लावलेला क्लॅम्प बरा. माउंटला पांढरा किंवा फिका रंग देतात, कारण त्यावर वेल्डजवळची बारीक चीर लवकर दिसते.

माउंट तुटलं तर?

इंजिन नुसतं बंद पडलं, तर विमान ग्लायडरसारखं तरंगत खाली आणता येतं. पण इंजिन निखळलं, तर नाकाचं वजनच जातं. शेपूट जड होते, तोल नियंत्रणाच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतो आणि मग वैमानिकाच्या हातात फारसं काही उरत नाही. पंख्याचं एक पातं तुटलं, तरी असमतोल जोराने इंजिन माउंटसकट उपटलं जाऊ शकतं. अशा वेळी इंजिन ताबडतोब बंद करणं, हाच पहिला उपाय.

नियम काय सांगतात?

अमेरिकेत असा मोठा बदल केला, की विमानाच्या लॉगबुकात नोंद करावी लागते, हवाई खात्याच्या स्थानिक कार्यालयाला कळवावं लागतं आणि विमान पुन्हा चाचणी टप्प्यात जातं. सहसा किमान पाच तासांची चाचणी उड्डाणं, तीही प्रवासी न घेता. त्याआधी विमान काट्यावर ठेवून नव्याने वजन आणि तोल मोजावा लागतो.

ही नोंद का महत्त्वाची, ते गायक जॉन डेन्व्हर यांच्या अपघातातून कळतं. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात त्यांचं लाँग-ईझेड विमान कोसळलं. तिथे माउंटचा संबंध नव्हता. विमान बनवणाऱ्याने इंधनाच्या टाक्या बदलण्याची मूठ आराखड्यातल्या जागेवरून हलवून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेली होती. ती फिरवण्याच्या खटपटीत डेन्व्हर यांचा ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष होता. विमानात इंधन कमी होतं आणि मुठीवर खुणाही नव्हत्या, हेही त्यात नोंदवलं गेलं. बदल करणारा एक होता, जीव गेला दुसऱ्याचा.

म्हणूनच जाणकार मंडळी आधी विमानाच्या मूळ डिझायनरकडे त्या इंजिनासाठी तयार माउंट मिळतं का, ते पाहतात. नसेल, तर हिशेब इंजिनिअरकडून आणि जोड विमानाचं काम करणाऱ्या वेल्डरकडून करून घेतात. नवं इंजिन किती हॉर्सपॉवरचं, हा प्रश्न त्यानंतरचा. आधी विचारायचं, त्याचं वजन किती आणि ते बसणार कुठे?