जुनं काढताना

बोलीचा अभ्यास म्हटला की आपण उच्चारांकडे वळतो, फार तर म्हणींकडे. मनाला लागलेलं माणसं कोणत्या शब्दांत सांगतात, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेलं. जालना जिल्ह्याच्या बोलीत हे शब्द इतके नेमके आहेत, की वाचकांनी त्यांच्यासाठी सवडीने बसावं, एवढीच विनंती.

सुरुवात नामांपासून नको, 'काढणे' या क्रियापदापासून करा. इथं तूर काढतात, पायातला काटा काढतात, आठवणही काढतात. दुखरी आठवण मात्र काढायची नसते. घनसावंगीकडच्या एका आजीला मी १९७२च्या दुष्काळाबद्दल विचारलं. खडी फोडल्याचं, सुकडीचं तिने मोकळेपणी सांगितलं. दावणीचे बैल विकल्याचा विषय निघाला, तशी ती सुपातली निवडून झालेली तूर पुन्हा निवडू लागली. "इसरले न्हाई बाबा," ती म्हणाली, "पन जुनं नगं काढू."

काटा काढला तरी कधी टोक आत राहतं आणि पाऊल टेकलं की कळ येते. 'सल' तो हाच. संस्कृत 'शल्या'चा वंशज. 'चटका' लागतो, 'धसका' बसतो आणि 'हाय' माणूस खातो. या क्रियापदांची अदलाबदल करून पाहा, सगळीकडे चालत नाही. 'घोर' अनेकजण याच यादीत घालतात. मला ते पटत नाही. घोर पुढचा असतो, सल मागचा.

काट्यासारखी आपल्याकडे जखमेवरची खपलीही काढतात. हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेतही दुसऱ्याची खपली काढण्याचा वाक्प्रचार आहे. तिथं रोख दुसऱ्याचं उणं उघडं करण्यावर; आपल्याकडे जखम पुन्हा वाहू लागण्यावर.

इतिहासही ध्यानात असू द्या. जिल्हा १९८१चा, पण १७ सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. जुन्या माणसांच्या तोंडी 'रझाकारी' म्हणजे त्या राजवटीतल्या रझाकार या सशस्त्र दलाच्या भीतीचे दिवस, तसं 'बहात्तर' म्हणजे दुष्काळ. शतक सांगायची गरज पडत नाही.

दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हाताशी असावा. अर्थ तिथं सापडेल. शब्दाआधी माणूस किती वेळ गप्प राहिलं, हे मात्र तुम्हालाच टिपावं लागेल. आणि समोरच्याने "जाऊ द्या" म्हटलं, तर कृपा करून वही मिटा.