नाटकगृहातील आपली जागा

नाटक पाहून घरी आल्यावर आपण नटनट्यांविषयी पुष्कळ बोलतो. नाटकगृहाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. मी सातवी शिकलेली बाई, पण या विषयाचा मला नाद आहे. वाचून जे समजले ते थोडक्यात सांगते.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नाटकगृहाचे तीन आकार आहेत: लांबट, चौरस आणि तिकोनी. लांबट मध्यम घर ६४ हात लांब व ३२ हात रुंद. त्यातील निम्मी जागा प्रेक्षकांची, निम्मी नटांची. याहून मोठे घर बांधले तर बोलणे नीट ऐकू येत नाही आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असे त्यात बजावले आहे. बैठकी विटा-लाकडाच्या, पायऱ्यांसारख्या चढत्या. पुढचीच्या अंबाड्याआड नाटक जाऊ नये ही काळजी तेव्हाही होतीच म्हणायची! रंगमंचामागे नट वेश करीत, त्या जागेला नेपथ्य म्हणत. आज नेपथ्य म्हणजे देखाव्याची मांडणी, आणि वेशाच्या खोलीला आपण रंगपट म्हणतो.

मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवरा'ने झाला असे मानतात. त्यात सूत्रधारच गाऊन कथा पुढे नेई. पुढे रंगवलेले पडदे, बाजूच्या विंगा, वरच्या झालरी आल्या. स्वस्त जागेला पिट म्हणू लागले. बायकांची बसायची जागा निराळी, पुष्कळदा वर माडीवर असे. आणि खाली रंगमंचावर? १८८० साली आलेल्या किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त नंतर शकुंतला झाले ते भाऊराव कोल्हटकर! पुढे बालगंधर्वांनी तर बायकांना नेसायला शिकवले, असे लोक कौतुकाने म्हणत.

हिराबाई बडोदेकरांसारख्या काही जणींनी धीटपणे रंगमंचावर पाऊल टाकले. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे व पद्मावतीबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या, आणि हळूहळू पुरुषांनी लुगडे नेसण्याची चाल मागे पडली.

आज नाटकगृहात आपण हव्या त्या रांगेत बसतो. पण माडीवरून रंगमंचापर्यंतचे हे जिने उतरायला बायकांना किती वर्षे लागली! म्हणून मंडळाच्या नाटकात सुनेला भूमिका मिळाली, तर "घरचे कोण पाहील?" असे सासूबाईंनी म्हणू नये. महिनाभर संध्याकाळी नातवंडे सांभाळावीत आणि प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसावे. ती जागा त्यांचीच आहे.